मुंगीच्या पावलांनी येणारे दुखणे

दुखणे येते हत्तीच्या पायांनी आणि जाते मुंगीच्या पायांनी, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. पटकी, हिवताप, विषमज्वर यांसारख्या रोगांच्या अनुभवातून ती जन्मली असावी. असे रोग दारात येताच साऱ्या घराला कळतात. त्यांच्यासाठी वैद्याला बोलवावे की नाही, असा विचार करीत कोणी बसत नाही. परंतु आज ज्या दुखण्याविषयी आपल्याशी बोलावयाचे आहे, ते या म्हणीला जुमानीत नाही. ते येतेच मुंगीच्या पावलांनी. स्त्रीच्या पोटात, तिच्या रोजच्या कामाच्या रगाड्याआड, ते महिनोन्महिने वावरते. आणि घरच्यांना त्याची चाहूल लागते तेव्हा त्याने बहुधा बरीच वाट चाललेली असते. हे दुखणे म्हणजे अंडाशयाचा कर्करोग.

हा रोग क्वचितच कोठे आढळणारा आहे, असे मात्र समजू नये. २०२२ सालच्या अंदाजाप्रमाणे त्या एका वर्षात जगात सुमारे सव्वातीन लाख स्त्रियांना तो झाला आणि दोन लाखांहून अधिक स्त्रिया त्याने दगावल्या. भारतात त्याच वर्षी सुमारे ४७ हजार स्त्रियांना तो जडला. आपल्या देशातील स्त्रियांच्या कर्करोगांत स्तन आणि गर्भाशयमुख यांच्यामागोमाग याचाच क्रम लागतो. तरीही पहिल्या दोहोंच्या मानाने याच्याविषयी फार थोडे बोलले जाते.

आणि मला तर असे सांगावयाचे आहे की, या रोगात बोलणे हाच उपचाराचा एक भाग आहे. प्रथम स्त्रीने स्वतःच्या शरीराविषयी बोलले पाहिजे. मग डॉक्टरांनी आणि घरच्यांनी तिच्याशी बोलले पाहिजे. आणि पुढे उपचार चालू असता तिला काय होते आहे हे तिने रोजच्या रोज सांगितले पाहिजे. यांतील एक कडी जरी निसटली, तरी उत्तम औषधेही अपुरी पडतात. असे का, हे समजण्यासाठी आधी या अवयवाची थोडी ओळख करून घेऊ.

ओटीपोटात गर्भाशयाच्या दोन्ही अंगांना बदामाच्या आकाराची, साधारण तीन सेंटिमीटर लांबीची दोन अंडाशये असतात. कोणी त्यांना बीजांडकोश असेही म्हणतात. दरमहा बीज तयार करणे आणि स्त्रीत्वाची संप्रेरके रक्तात सोडणे ही त्यांची कामे. त्यांच्या जवळच गर्भनलिकांची झालरीसारखी टोके असतात. स्तनातील गाठ हाताला लागू शकते, गर्भाशयाचे मुख डॉक्टरांना पाहता येते. अंडाशये मात्र ओटीपोटात खोल असतात आणि भोवती आतड्यांची मऊ वेटोळी असतात. तेथे गाठ वाढू लागली तरी तिला पसरायला ऐसपैस जागा मिळते. कोठे अडत नाही, रुतत नाही. शिवाय या गाठीवरील पेशी सुटून पोटातील ओलाव्याबरोबर वाहत जातात आणि पोटाच्या आतल्या अस्तरावर, किंवा आतड्यांवर पदरासारखी पडलेली चरबीची घडी असते तिच्यावर, बियांसारख्या रुजतात. मग पोटात पाणी साचू लागते. त्यालाच आपण जलोदर म्हणतो.

गेल्या सुमारे पंचवीस वर्षांत संशोधकांच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली आहे. या रोगाचा जो प्रकार सर्वांत अधिक आढळतो आणि सर्वांत वेगाने पसरतो, त्याचा उगम पुष्कळदा अंडाशयात नसून गर्भनलिकेच्या टोकाशी असतो. तसेच ‘अंडाशयाचा कर्करोग’ या एका नावाखाली अनेक रोग नांदतात. बहुसंख्य रुग्ण पाळी थांबण्याच्या सुमारास किंवा त्यानंतरच्या वयाच्या असतात. परंतु मुलींना आणि तरुण स्त्रियांना होणारा, बीजपेशींपासून उद्भवणारा एक वेगळा प्रकार आहे. त्यातील बहुतेक मुली उपचाराने पूर्ण बऱ्या होतात आणि पुष्कळदा दुसरे अंडाशय व गर्भाशय राखून त्यांचे मातृत्वही वाचविता येते. म्हणून ‘तुमचा प्रकार कोणता’ हा प्रश्न डॉक्टरांना आवर्जून विचारावा. एकीचा अनुभव दुसरीला लागू पडेलच असे नाही.

इंग्रजीत या रोगाला मूक मारेकरी म्हणण्याची प्रथा पडली होती. ती योग्य नव्हती. हा रोग मुका नाही, त्याचा आवाज बारीक आहे. ज्या स्त्रियांना तो झाला त्यांना नीट विचारले, तेव्हा त्यांतील बहुतेकींनी सांगितले की, निदानाच्या कित्येक महिने आधीपासून त्यांना काही ना काही होत होते. त्या तक्रारींतून चार खुणा पुढे आल्या. पोट फुगणे आणि ते न उतरणे. दोन घास खाताच पोट भरल्यासारखे वाटणे. पोटात किंवा ओटीपोटात दुखणे. आणि लघवीला वारंवार अथवा घाईने जावे लागणे.

आपण म्हणाल, यांतले काही ना काही कोणत्या घरात नाही? अगदी खरे आहे. आणि या तक्रारी असणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांना कर्करोग नसतो, हेही तितकेच खरे आहे. म्हणूनच तज्ज्ञांनी त्यांना एक मोजमाप जोडले आहे. तक्रार नवी असेल, म्हणजे गेल्या वर्षभरातच सुरू झालेली असेल, आणि महिन्यातून बारा दिवसांहून अधिक होत असेल, तर ती तपासलीच पाहिजे. घरात ज्या दिनदर्शिकेवर आपण दुधाचा हिशेब मांडतो, तिच्यावरच त्या त्या दिवशी एक फुली मारावी. महिन्याच्या शेवटी फुल्या मोजाव्यात. ‘मधूनमधून पोट फुगते’ असे सांगण्यापेक्षा ‘गेल्या महिन्यात सतरा दिवस पोट फुगले’ असे सांगणाऱ्या स्त्रीकडे डॉक्टरही अधिक लक्ष देतात.

याखेरीज हातपाय, चेहरा वाळत असता परकराची नाडी मात्र घट्ट होऊ लागणे, किंवा पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्त जाणे, याही गोष्टी अंगावर काढू नयेत. पन्नाशीनंतर आयुष्यात प्रथमच पोटाच्या कुरबुरी सुरू झाल्या, तर त्यांना ‘गॅस’ किंवा ‘वात’ असे नाव देऊन मोकळे होऊ नये. आपल्याकडची गृहिणी स्वतःच्या पोटदुखीवर ओवा चावते आणि कामाला लागते. ओटीपोटाच्या तक्रारी घरातल्या पुरुषांपुढे बोलण्याचा तिला संकोच वाटतो. आणि बोललीच, तर ‘या वयात असे व्हायचेच’ हे उत्तर तयार असते. दवाखान्यातही आम्लपित्ताच्या गोळीवर पुष्कळदा भागते. गोळी घ्यावयास हरकत नाही. परंतु दोनतीन आठवड्यांत गुण आला नाही, तर पुन्हा जावे आणि सरळ विचारावे, ‘डॉक्टर, माझी आतून तपासणी आणि ओटीपोटाची सोनोग्राफी करावी का?’ एवढे एक वाक्य धीटपणाने उच्चारले जाणे फार मोलाचे आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी पेशींची जी तपासणी करतात, तिच्यात अंडाशयाचा कर्करोग कळत नाही. ती तपासणी अवश्य करावी, पण तिच्या भरवशावर पोटाकडे दुर्लक्ष करू नये.

मग अंडाशयासाठी दरवर्षी सर्व स्त्रियांची एखादी तपासणी का करू नये, असा प्रश्न साहजिकच मनात येईल. तसा प्रयत्न झाला आहे. ब्रिटनमध्ये २००१ ते २००५ या काळात पाळी थांबलेल्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांना एका मोठ्या पाहणीत दाखल करून घेण्यात आले. त्यांतील काहींची दरवर्षी रक्ताची, काहींची सोनोग्राफीची तपासणी झाली, तर उरलेल्यांची नेहमीचीच देखभाल चालू राहिली. २०२१ साली हाती आलेला निष्कर्ष असा की, अशा तपासण्यांनी या रोगाने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. अमेरिकेतील सुमारे ७८ हजार स्त्रियांच्या पाहणीचा २०११ सालचा निष्कर्षही तसाच होता. उलट निरोगी स्त्रियांवर विनाकारण शस्त्रक्रिया होण्याची पाळी आली. म्हणून तक्रार नसलेल्या, घराण्यात हा रोग नसलेल्या स्त्रीने शिबिरातून किंवा जाहिरात वाचून अशा तपासण्या करून घेण्यात लाभ नाही. सारांश, आज तरी स्त्रीचे स्वतःचे म्हणणे हीच या रोगाची पहिली वर्दी होय.

रक्ताच्या ज्या तपासणीचा उल्लेख केला तिचे नाव सीए-१२५. १९८१ साली अमेरिकेत बॉस्टन येथे डॉ. रॉबर्ट बास्ट आणि त्यांचे सहकारी यांना अनेक प्रतिपिंड तपासता तपासता एकशे पंचविसावा उपयोगी ठरला, म्हणून नावात तो आकडा आला. या पदार्थाचे प्रमाण सामान्यतः ३५ पर्यंत असते. परंतु पाळी चालू असताना, गरोदरपणात, गर्भाशयातील साध्या गाठींतही ते वाढते. आणि रोगाच्या पहिल्या अवस्थेत जवळजवळ निम्म्या रुग्णांत ते वाढलेले नसते. आपल्या देशात तर आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. पोटाच्या क्षयातही पोटात पाणी होते, माणूस वाळतो आणि सीए-१२५ चढतो. केवळ आकडा पाहून कर्करोग झाला म्हणून हाय खाऊ नये, तसेच केवळ अंदाजाने क्षयाची औषधे सुरू करून महिने घालवू नयेत. बहुतेक प्रसंगी पाण्याची किंवा गाठीच्या तुकड्याची तपासणी करूनच निर्णय होतो. एकदा निदान झाल्यावर मात्र उपचाराचा गुण येतो आहे की नाही, हे पाहण्यास हाच आकडा फार उपयोगी पडतो.

रोगाच्या चार अवस्था मानतात. पहिलीत तो अंडाशयापुरताच असतो; दुसरीत ओटीपोटातील शेजारच्या अवयवांपर्यंत, तिसरीत पोटाच्या अस्तरापर्यंत किंवा तेथील रसग्रंथींपर्यंत, तर चौथीत पोटाबाहेर किंवा यकृतासारख्या अवयवांच्या आत तो पोचलेला असतो. अमेरिकेतील नोंदी असे सांगतात की, रोग अंडाशयापुरताच असताना सापडला तर दहांतील सुमारे नऊ स्त्रिया पाच वर्षांनंतरही हयात असतात; दूरवर पसरल्यावर सापडला तर दहांतील सुमारे तिघी. हे आकडे हजारो स्त्रियांचे आहेत. त्यांवरून कोणा एका स्त्रीचे भविष्य सांगता येत नाही. परंतु लवकर बोलण्याचे मोल किती, हे त्यांवरून नक्की कळते.

उपचाराचे मुख्य अंग शस्त्रक्रिया. पोटात डोळ्यांना दिसणारा रोग जेवढा निपटून काढता येईल, तेवढे पुढचे आयुष्य सुकर होते. यासाठी हात सरावाचा लागतो. म्हणून शक्य तेथे स्त्रियांच्या कर्करोगाचे खास शिक्षण घेतलेल्या शल्यचिकित्सकाकडूनच ही शस्त्रक्रिया करून घ्यावी. सोनोग्राफीत संशयास्पद दिसलेली गाठ घाईने जवळच्या एखाद्या ठिकाणी काढून घेणे बरे नव्हे. ती काढताना फुटली तर आतला रोग पोटात सांडण्याचा धोका असतो. आठ-दहा दिवस अधिक लागले तरी चालतील, पण योग्य जागी जावे.

दुसरे अंग रसायनोपचार. त्याला आता सर्वजण ‘केमो’ म्हणतात. साधारणतः दोन औषधे शिरेतून, दर तीन आठवड्यांनी, सहा वेळा देतात. कधी तीन वेळा आधी देऊन मग शस्त्रक्रिया करतात. या दोन औषधांचा इतिहास मोठा मनोरम आहे. पहिले औषध प्लॅटिनम या धातूच्या संयुगांपैकी. १९६५ साली अमेरिकेत मिशिगन येथे बार्नेट रोझेनबर्ग हे विजेच्या प्रवाहाचा जीवाणूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. जीवाणूंची विभागणी थांबली. पण ती विजेमुळे नव्हे, तर तारांच्या टोकांच्या प्लॅटिनममधून तयार झालेल्या संयुगामुळे, हे त्यांच्या ध्यानात आले. दुसरे औषध पॅक्लिटॅक्सेल. ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील यू नावाच्या वृक्षाच्या सालीतून मिळाले. १९६२ साली ती साल गोळा करण्यात आली आणि १९७१ साली त्या द्रव्याची रचना दोन रसायनशास्त्रज्ञांनी जगापुढे मांडली. एक मन्रो वॉल आणि दुसरे मनसुख वाणी. हे वाणी १९२५ साली आपल्या नंदुरबारला जन्मले, मुंबईत शिकले आणि पुढे नॉर्थ कॅरोलायनात संशोधन करीत राहिले; २०२० साली ते वारले. १९९२ साली अमेरिकेत या औषधाला प्रथम मान्यता मिळाली ती अंडाशयाच्या कर्करोगासाठीच. सलाईनच्या बाटलीतून थेंब थेंब उतरणाऱ्या त्या औषधाला नंदुरबारच्या एका मुलाचा हात लागलेला आहे, हे आपल्या भगिनींना ठाऊक असावे.

या औषधांचे त्रासही आहेत. केस जातात, पण ते पुन्हा येतात. हातापायांना मुंग्या येतात, बोटे बधिर होतात. मग सुईत दोरा ओवता येत नाही, पोलक्याचे हूक लागत नाहीत. ‘एवढ्या मोठ्या दुखण्यात हे काय सांगायचे’ असे समजून स्त्रिया ते दडवितात. तसे करू नये. वेळीच कळले तर मात्रा कमी करता येते. दोन गोष्टी मात्र घरातील प्रत्येकाने पाठ करून ठेवाव्यात. केमो चालू असता ताप १००.४ अंशांवर गेला, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. तसेच पोट फुगून उलट्या होत असतील आणि शौच व वारा दोन्ही बंद झाले असतील, तर तेही तातडीचे समजावे. काढा, भस्म किंवा आणखी काही घेत असल्यास ते डॉक्टरांपासून लपवू नये. आणि त्यांच्या भरवशावर चालू उपचार सोडू नये.

आता आनुवंशिकतेविषयी थोडेसे. बीआरसीए नावाची दोन जनुके १९९४ आणि १९९५ साली शोधून काढण्यात आली. निरोगी असता ती पेशींतील बिघाड दुरुस्त करतात. त्यांतच जन्मतः दोष असेल तर कर्करोगाचा संभव वाढतो. सर्वसाधारणपणे शंभरातील एका-दोघींना आयुष्यात हा रोग होतो. पहिल्या जनुकात दोष असलेल्या शंभरांत सुमारे चाळीस जणींना, तर दुसऱ्यात दोष असलेल्या शंभरांत सुमारे दहा ते वीस जणींना. हा दोष आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो. आपल्याकडे डॉक्टरांनी विचारले की आई आणि मावशी यांची माहिती लगेच दिली जाते; आत्या आणि वडिलांची आई मात्र विसरली जाते. ती विसरू नये. अंडाशयाच्या कर्करोगाचा जो नेहमीचा प्रकार आहे, त्यातील प्रत्येक स्त्रीने ही जनुकतपासणी करून घ्यावी, असे तज्ज्ञांचे मत आहे. याचे दोन लाभ आहेत. दोष आढळला तर ओलापॅरिबसारखी, तोंडाने घ्यावयाची औषधे विशेष उपयोगी पडतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, असा दोष असलेल्या आणि पहिल्या उपचारांनी गुण आलेल्या स्त्रियांत या औषधाने रोग उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका सुमारे ७० टक्क्यांनी घटला. दुसरा लाभ तिच्या बहिणींना आणि मुलींना. त्यांना वेळीच सल्ला घेता येतो. मुले झाल्यावर, ठरावीक वयात, अंडाशये व नलिका काढून टाकण्याचा मार्ग त्यांना खुला असतो. मुलीच्या लग्नात अडचण येईल या भीतीने ही माहिती दडविणारी घरे आहेत. ती भीती समजण्यासारखी आहे. परंतु दडविलेली माहिती मुलीचे रक्षण करीत नाही.

इथवर रोगाविषयी झाले. आता रोग घेऊन जगणाऱ्या स्त्रीविषयी बोलू.

ज्यांचा रोग उशिरा सापडतो, त्यांपैकी बहुतेकींना पहिल्या उपचाराने चांगला गुण येतो आणि तरीही काही काळाने तो पुन्हा डोके वर काढतो. हे कटू सत्य आहे. पण त्याची दुसरी बाजूही आहे. उलटलेल्या रोगावर पुन्हा उपचार करता येतात. मधले सहा महिने, वर्ष, दोन वर्षे या काळात स्त्रिया नोकरी करतात, नातवंडे खेळवितात, वारीला जातात. अशा स्त्रीला पूर्ण बरी म्हणता येत नाही आणि सर्वकाळ आजारीही म्हणता येत नाही. दर तीन महिन्यांनी तपासणीचा दिवस जवळ आला की तिची झोप उडते. तिला त्या दिवसांत उपदेश नको असतो. सोबत हवी असते.

आणि येथेच आपल्या घरांतील दुसरे मौन आडवे येते. रुग्णालयाच्या पडवीत मुलगा डॉक्टरांना गाठून हात जोडतो आणि म्हणतो, ‘आईला काही सांगू नका.’ त्यामागे माया असते, यात शंका नाही. परंतु केस गेलेल्या स्त्रियांच्या रांगेत बसलेल्या आईला काय कळावयाचे राहते? तिला सारे कळते. आणि घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून तीही न कळल्याचे सोंग घेते. एका छपराखाली राहून दोघेही एकटे पडतात. तिच्या मनातले राहून जाते. दागिने कोणाला द्यावयाचे, धाकटीचे शिक्षण कसे व्हावयाचे, कोणता उपचार नको, हे विचारणारे कोणी उरत नाही. यावर तोडगा सोपा आहे. डॉक्टरांनी किंवा तिच्या विश्वासातील माणसाने तिलाच विचारावे, ‘आपल्या दुखण्याविषयी आपल्याला किती जाणून घ्यावेसे वाटते?’ कोणी म्हणेल, सारे सांगा. कोणी म्हणेल, मला नको, थोरल्याला सांगा. दोन्ही उत्तरे तिचीच असल्याने दोन्ही योग्य. तिला न विचारता तिच्या वतीने उत्तर देणे तेवढे टाळावे.

सांगण्याने प्रत्यक्ष काय साधते, याचा न्यूयॉर्कमधील एका कर्करोग रुग्णालयात अभ्यास झाला आहे. वाढलेल्या कर्करोगावर केमो घेणाऱ्या ७६६ रुग्णांपैकी काहींना आपले त्रास ठरावीक काळाने नोंदविण्याची सोय करून दिली; त्रास वाढताच परिचारिकांना सूचना जात असे. अशा रुग्णांचे दिवस इतरांपेक्षा अधिक सुखाचे गेले आणि तातडीने रुग्णालयात धावण्याची वेळ कमी आली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे त्यांचे आयुष्यही सरासरी पाच महिन्यांनी अधिक ठरले. आयुष्य लांबल्याचे प्रत्येक पाहणीत दिसेलच असे नाही; परंतु वेळीच सांगितलेला त्रास वेळीच कमी करता येतो, याविषयी दुमत नाही. यासाठी यंत्रच हवे असेही नाही. एक साधी वही पुरे. तारीख, झोप, जेवण, वेदना, शौच, ताप एवढे लिहावे आणि ती वही प्रत्येक भेटीत डॉक्टरांपुढे ठेवावी.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या श्रोत्यांना एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बंगळूर येथे आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण मुलाच्या नोकरीमागोमाग तेथे गेलेल्या आईला तेथील भाषा येतेच असे नाही. ओटीपोटातले दुखणे परभाषेत, तेही मुलाच्या किंवा जावयाच्या तोंडून सांगावयाचे म्हणजे निम्मे गाळूनच सांगणे होय. प्रत्येक गावच्या महाराष्ट्र मंडळाने दोघी-तिघी समंजस भगिनींची नावे अशा कामासाठी ठेवावीत. रुग्णाबरोबर जाऊन तिचे म्हणणे नीट पोचविणे ही मोठी सेवा आहे.

पैशाची आणि प्रवासाची चिंता हीही मोठी असते. उपचारासाठी प्रत्येकाने मुंबईच धरली पाहिजे असे आता राहिलेले नाही. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालापासून, कोलकात्याचे चित्तरंजन रुग्णालय १९५० सालापासून आणि चेन्नईतील अड्यारची कर्करोग संस्था १९५४ सालापासून हे काम करीत आहेत. आणि २०१२ साली उभारलेल्या राष्ट्रीय कर्करोग जालामुळे देशभरची अनेक रुग्णालये एकमेकांशी जोडली गेली आहेत. सरकारी आरोग्य योजनांतून या उपचारांना साहाय्य मिळते. रेल्वेप्रवासात कर्करुग्णाला आणि सोबत्याला सवलत आहे. रुग्णालयातील समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी जाऊन सर्व चौकशी करावी; यात कमीपणा काही नाही. मुंबईत उतरण्याची सोय नसेल त्यांना दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा ठाऊक असावी. तेथे एका खोलीतील बाई दुसरीला जे सांगते, ते पुष्कळदा कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. मळमळीवर काय खाल्ले, टोप घातला की रुमाल बांधला, रात्री भीती वाटली तेव्हा काय केले. समदुःखी स्त्रियांनी अशा रीतीने एकत्र यावे, बोलावे, यासाठी अनेक रुग्णालयांत आता आधारगट चालतात. त्यांचा पत्ता विचारून घ्यावा.

शेवटी वेदनेविषयी. वेदना सोसणे म्हणजे शौर्य, ही कल्पना सोडून दिली पाहिजे. वेदनाशामक उपचारांची शाखा आपल्या देशात चांगली रुजली आहे. वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ साली सुरू झाले. कोझिकोडे येथील सेवा १९९३ साली. हे उपचार फक्त अखेरच्या दिवसांसाठी आहेत असे नाही. निदानापासूनच ते इतर उपचारांबरोबर घेता येतात. पोटातले पाणी काढून श्वास मोकळा करणे, मळमळ थांबविणे, झोप मिळवून देणे ही त्यांची कामे. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिनने व्यसन जडेल, ही भीतीही बाळगू नये. आणि जी माणसे रात्रंदिवस शुश्रूषा करतात, त्यांनाही आठवड्यातून एखादी संध्याकाळ मोकळी मिळावी, याची काळजी इतर नातेवाइकांनी घ्यावी.

आज रात्री जेवणे आटोपली की घरातल्या आईला, बहिणीला, सासूबाईंना, पत्नीला सहज विचारावे, ‘अलीकडे पोटाचे काही त्रास आहेत का?’ उत्तर ‘काही नाही’ असे येईल. ते ऐकून उठू नये. थोडा वेळ तेथेच बसावे आणि पुन्हा एकदा विचारावे.